टायरवरील अक्षरें आणि उन्हाळ्याची हवा

वैशाखाचें ऊन तापूं लागलें, कीं पंक्चरच्या दुकानांत एक ठराविक संवाद ऐकूं येतो. गाडीचा मालक लांबच्या प्रवासाला निघालेला असतो. मुलेंबाळें आंत बसलेलीं असतात, सामान मागें रचलेलें असतें. तो दुकानदाराला म्हणतो, "भाऊ, तीन-चार पौंड हवा कमीच ठेवा. रस्ता तापला आहे. आंतली हवा फुगली म्हणजे टायर फुटेल." दुकानदारही मान डोलावतो आणि हवा सोडतो. दोघांचाही हेतु चांगला असतो, यांत शंका नाहीं. परंतु ज्या टायरजवळ बसून ही हवा सोडली जाते, त्याच टायरच्या बाजूवर या समजुतीचें उत्तर उठावाच्या अक्षरांत लिहिलेलें असतें. तें वाचण्याचा परिपाठ मात्र आपल्याकडे पडलेला नाहीं.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवलेली असते. भार पेलणें हें त्या लोखंडाचें व लाकडाचें काम. म्हणून धांवेवर कांहीं लिहिण्याची गरज लोहाराला कधीं पडली नाहीं. मोटारीच्या टायरची गोष्ट निराळी आहे. येथें भार पेलते ती मुख्यतः रबराच्या आंत कोंडलेली हवा. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटलंडच्या कल्पक गृहस्थानें १८४५ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें होतें; पण ती लोकांच्या विस्मरणांत गेली, आणि १८८८ मध्यें बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप यानें ती पुन्हां नव्यानें शोधून काढली. टायर म्हणजे हवेची पिशवी, आणि पिशवींत किती हवा भरावी, तिच्यावर किती ओझें घालावें, ती किती वेगानें पळवावी, हें पिशवीकडे नुसतें पाहून कळत नाहीं. म्हणून तें तिच्यावर लिहावें लागतें.

भारतांतील पुष्कळ लहान मोटारींना बसणारा एक टायर उदाहरणादाखल घ्यावा. त्याच्या बाजूवर इंग्रजी आंकड्यांत व अक्षरांत '१८५/६५ आर १५ ८८ एच' अशी ओळ ठळकपणें उमटवलेली असते. पैकीं १८५ ही टायरची एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतची रुंदी, मिलिमीटरांत. पुढील ६५ हा आंकडा मात्र मिलिमीटरांचा नव्हे, शेकडेवारीचा आहे. रुंदीच्या शेंकडा ६५ इतकी टायरच्या बाजूची उंची, म्हणजे सुमारें १२० मिलिमीटर. शेवटचे १५ हे इंच; टायर ज्या रिमवर बसतो तिचा तो व्यास. एकाच ओळींत पहिलें माप मिलिमीटरांत, दुसरें शेकडेवारींत आणि तिसरें इंचांत! एखाद्या विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत असा कारभार केला असता, तर तांबड्या शाईवांचून त्याची सुटका झाली नसती. पण रिमा इंचांत मोजण्याची जुनी वहिवाट सुटली नाहीं, आणि जगानें हें मिश्रण निमूटपणें स्वीकारलें.

मधल्या 'आर' या अक्षराविषयीं गैरसमज फार. कोणी तें अक्षर रिमचें समजतात, कोणी त्रिज्येचें. वस्तुतः तें 'रेडियल' या शब्दाचें आद्याक्षर आहे. रबराच्या पोटांत बळकट दोर असतात. जुन्या पद्धतीच्या टायरांत ते तिरपे, एकावर एक आडवेतिडवे घातलेले असत. चाक फिरतांना ते एकमेकांवर घासत आणि तापत. रेडियल टायरांत ते एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत सरळ आडवे जातात, आणि त्यांच्यावर, रस्त्याला टेकणाऱ्या भागाखालीं, पोलादी तारांचा पट्टा बसवलेला असतो. फ्रान्समधील मिशलँ कंपनीनें या रचनेचें पेटंट १९४६ सालीं घेतलें. या रचनेनें टायर कमी तापतो, अधिक टिकतो. पण त्याची बाजू मऊ असल्यामुळें पुरेशी हवा असतांही तो खालीं किंचित् फुगलेला दिसतो. त्यामुळें हवा सात-आठ पौंडांनीं उतरली तरी डोळ्यांना तें सहसा कळत नाहीं. बुटानें टायरला ठोसा देऊन हवा पारखणारे अनेक अनुभवी चालक या बाबतींत फसतात.

यापुढील ८८ म्हणजे ८८ किलोग्रॅम नव्हेत. तो एका ठरीव कोष्टकांतील क्रमांक आहे, आणि त्या कोष्टकांत ८८ च्या समोर ५६० किलोग्रॅम असा भार दिलेला आहे. ८२ च्या समोर ४७५, ८५ च्या समोर ५१५, ९१ च्या समोर ६१५. शेवटचें 'एच' हें अक्षर वेगाचें: ताशीं २१० किलोमीटर. 'एस' म्हणजे १८०, 'टी' १९०, 'यू' २००, आणि मग एकदम मागें वळून 'एच' २१०, त्यानंतर 'व्ही' २४०. बाराखडी पाठ करणाऱ्या मुलानें यांत क्रम शोधण्याच्या भरीस पडूं नये. ताशीं १२० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर २१० चें अक्षर कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. हें अक्षर धांवण्याचा परवाना नसून, त्या वेगानें उत्पन्न होणारी उष्णता टायरानें सोसली आहे एवढीच त्याची साक्ष. नवा टायर घेतांना मापाची जोडी जुळली तरी हा क्रमांक व हें अक्षर गाडीच्या पुस्तकांत सांगितल्यापेक्षां खालचें नाहीं ना, हें अवश्य पाहावें. स्वस्ताईची खरी जागा बहुधा तेथेंच असते.

आतां पंक्चरच्या दुकानांतील त्या संवादाकडे वळावें. रिमच्या कांठाजवळ, पुष्कळदां धुळीनें बुजलेल्या बारीक अक्षरांत, आणखी एक ओळ असते. तींत जास्तींत जास्त भार आणि जास्तींत जास्त हवेचा दाब दिलेला असतो. या जातीच्या पुष्कळ टायरांवर हा दाब ३०० किलोपास्कल, म्हणजे दर चौरस इंचास सुमारें ४४ पौंड, असा आढळतो. कांहीं लोक ती ओळ वाचतात आणि ४४ पौंड हवा भरून मोकळे होतात. हीही चूकच. ती टायरची कमाल मर्यादा आहे. त्या विशिष्ट गाडीला किती हवा हवी, तें गाडी बांधणारा ठरवतो, आणि तो आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकांत असतो. लहान मोटारींना तो बहुधा ३० ते ३६ पौंडांच्या दरम्यान असतो.

तो ३३ आहे असें धरावें. सकाळीं २७ अंश उष्णतेंत ३३ पौंड हवा भरली आणि प्रवासांत ती हवा ४७ अंशांपर्यंत तापली. हवेचा दाब किती वाढेल? बाहेरच्या हवेचा सुमारें १५ पौंडांचा दाब हिशेबांत धरून गणित केलें, तर वाढ जेमतेम ३ पौंडांची येते. उष्णता २० ऐवजीं ४० अंशांनीं वाढली असें मानलें, तरी दाब ४० पौंडांच्या आंतच राहतो. टायरवर लिहिलेली मर्यादा ४४ ची. आणि तीही थंड टायरची. चालतांना दाब चढणार हें टायर बनविणाऱ्यानें आधींच गृहीत धरलेलें असतें. म्हणजे ज्या फुगण्याच्या भीतीनें हवा सोडली, तें फुगणें टायरच्या सहनशक्तीच्या पुष्कळ अलीकडेच थांबतें.

उलट हवा कमी असल्यास काय होतें? भरलेल्या लहान मोटारीच्या एका चाकाच्या वांट्यास सुमारें ३२५ किलोग्रॅम भार येतो असें समजावें. ३३ पौंड दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २.३ किलोग्रॅम. एवढा भार तोलण्यासाठीं टायरचा सुमारें १४० चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकावा लागतो. एका पोस्टकार्डाहून थोडा मोठा. हवा २२ पौंडांवर उतरली, तर तोच भार पेलण्यास सुमारें २१० चौरस सेंटिमीटर जागा लागेल. रबर आणि दोरही कांहीं ओझें उचलतात, त्यामुळें हा हिशेब अगदीं काटेकोर नव्हे. पण त्याचा रोख बरोबर आहे. ही वाढीव जागा मिळते कोठून? टायरची बाजू अधिक वांकते म्हणून. लोखंडाची तार एकाच ठिकाणीं वारंवार वांकवली कीं बोटांना चटका बसतो, हें प्रत्येकानें लहानपणीं पाहिलेलें आहे. वर सांगितलेल्या मापाच्या टायरचा घेर सुमारें १.९५ मीटर, म्हणजे एका किलोमीटरांत तो ५१२ वेळां फिरतो, आणि ताशीं १२० च्या वेगानें एका सेकंदांत १७ वेळां. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें संपूर्ण खुला झाला. त्यावरून एकदां जाण्यांत टायरच्या बाजूचा प्रत्येक भाग साडेतीन लाखांहून अधिक वेळां वांकतो. हवा कमी असेल, तर प्रत्येक वांकणें मोठें आणि प्रत्येक वेळची उष्णता अधिक. रबर ही उष्णता लवकर बाहेर टाकूं शकत नाहीं. दोर आणि रबर यांचा सांधा सुटूं लागतो, आणि भर दुपारीं टायर फुटतो. मग लोक म्हणतात, ऊन फार होतें. उन्हाचा हातभार त्याला लागतो हें खरें. पण मूळ उष्णता टायरच्या पोटांतली.

केवळ तीन पौंड कमी केल्यानें लागलीच अनर्थ ओढवतो असें नव्हे. पण महिनाभर न तपासलेल्या टायरमधून थोडी हवा आधींच झिरपून गेलेली असते, तींत या तिनांची भर पडते. आणि गाडी त्याच दिवशीं माणसांनीं व सामानानें गच्च भरलेली असते. दाराच्या चौकटीवरील पट्टी नीट वाचली, तर पूर्ण भार असतांना हवा थोडी अधिक भरावी असें पुष्कळ गाड्यांच्या बाबतींत तेथें लिहिलेलें आढळेल. वाटेंत थांबून तापलेल्या टायरचा दाब ३७ भरला म्हणून चार पौंड सोडणें, ही त्याच चुकीची दुसरी आवृत्ति. हवा मोजावी ती सकाळीं, गाडी चालवण्यापूर्वीं.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे टायरचें वय. अमेरिकेच्या वाहतूक खात्याचीं 'डी.ओ.टी.' हीं तीन अक्षरें पुष्कळ टायरांवर असतात. त्यांच्यापुढील मालिकेच्या अखेरीस चार आंकडे येतात. ३५२३ असल्यास २०२३ सालच्या ३५ व्या आठवड्यांत तो टायर तयार झाला. २००० सालापूर्वीं हे आंकडे तीनच असत. ही पूर्ण मालिका कित्येकदां एकाच बाजूवर असते. बाहेरून दिसली नाहीं, तर गाडीखालीं वांकून आंतली बाजू पाहावी. रबर वापरावांचूनही जून होतें, त्याला बारीक भेगा पडतात. पांच वर्षांनंतर दरवर्षीं जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर, नक्षी शाबूत असली तरी, टायर बदलणें, असें अनेक टायर कंपन्या सांगतात. घरोघरच्या गाड्यांतील स्टेपनी या बाबतींत सर्वांत दुर्लक्षित. तिच्यावरची नक्षी कोरी करकरीत असते, म्हणून ती नवीच समजली जाते. आणि प्रसंग पडतो तेव्हां बारा वर्षांची स्टेपनी चढवून मंडळी त्याच वेगानें पुढें निघतात.

बाकीच्या खुणा थोडक्यांत सांगतां येतील. 'टी.डब्ल्यू.आय.' हीं अक्षरें जेथें असतील, त्यांच्या सरळ वर खांचेंत रबराचा एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली, म्हणजे खांच १.६ मिलिमीटरच उरली आणि टायर गोटा झाला. बाण असल्यास चाक त्याच दिशेनें फिरलें पाहिजे. डोंगर आणि हिमकण यांचें चित्र बर्फाच्या मुलखासाठीं. कोंकणांतल्या पावसाशीं त्याचा संबंध नाहीं. भारतांत विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर आय.एस.आय. चें चिन्ह शोधावें. २००९ च्या सरकारी आदेशान्वयें तें आवश्यक ठरवलेलें आहे.

नव्या टायरवर कधीं रंगाचे ठिपकेही दिसतात. पिवळा ठिपका टायरच्या सर्वांत हलक्या जागीं असतो, आणि बसवतांना तो हवा भरण्याच्या व्हॉल्व्हजवळ आणतात. हे ठिपके बसविणाऱ्याच्या उपयोगाचे. गाडी दोन-चार वेळां धुतली कीं ते निघून जातात.