बीए की बीएस्सी? अर्थशास्त्राची पदवी निवडताना

बारावीचा निकाल लागला की अर्थशास्त्राकडे वळणाऱ्या मुलांच्या घरी खल सुरू होतो: बीए की बीएस्सी? पुढे एमए-पीएचडी करायची असेल, तर आधी विचारायला हवं ते हे, की या पदवीत गणित किती होणार?

गैरसमज १ : बीएस्सी वरचढ, बीए दुय्यम.
वस्तुस्थिती : अमर्त्य सेन आणि अभिजित बॅनर्जी दोघेही कोलकात्याच्या प्रेसिडेन्सीचे. सेन बीए, बॅनर्जी बीएस्सी, नोबेल दोघांनाही. सेन यांच्या बीएला जोडविषय मात्र गणित होता. पदवीच्या नावापेक्षा अभ्यासक्रमात काय आहे, हे महत्त्वाचं.

गैरसमज २ : कला शाखाच घ्यायची, तर गणित सोडलं तरी चालतं.
वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा समज हाच. समवृत्ती वक्राला किंमतरेषा जिथे स्पर्श करते, तो ग्राहकाच्या समतोलाचा बिंदू आकृतीत दाखवला की बीएच्या पेपरात बरेचसे गुण मिळतात. पण कागदावरच्या आकृतीत दोनच वस्तू मावतात. वस्तू वाढल्या की कलनाला पर्याय नाही, आणि एमएचा वर्ग तिथूनच सुरू होतो. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रवेश परीक्षेत गणिताची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. महाराष्ट्र बोर्डात कला शाखेतूनही गणित घेता येतं आणि त्याचं पुस्तक विज्ञान शाखेचंच असतं.

गैरसमज ३ : पदवी अर्थशास्त्राचीच हवी.
वस्तुस्थिती : २०१८ चे नोबेल मानकरी पॉल रोमर गणिताचे पदवीधर. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थाही एमएस्सीला गणिताचे पदवीधर आणि इंजिनिअर घेते. मात्र सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राची तोंडओळख आधी करून घ्यावी. विषय मनापासून आवडतो का, हे तरी कळतं.

गैरसमज ४ : एमए केल्याशिवाय पीएचडी नाही.
वस्तुस्थिती : अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळू शकतो, पहिली एक-दोन वर्षं वर्गातल्या अभ्यासाचीच असतात. भारतातही यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणारे पीएचडीसाठी पात्र ठरतात. तीन वर्षांची पदवी असणाऱ्यांना मात्र भारतात आधी पदव्युत्तर पदवी घ्यावीच लागते.

तेव्हा फी भरण्याआधी कॉलेजचा अभ्यासक्रम मागून घ्या. कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि अर्थमिती हे चार विषय त्यात शोधा. नसतील, तर गणित किंवा संख्याशास्त्र ‘मायनर’ म्हणून मिळतं का, ते विचारा. तेही नसेल, तर दुसरं कॉलेज बघा.