सिलिॲक: गहू सोडणं सोपं, ओळखणं अवघड

कणीक मळताना तिला जो ताण येतो, तो ग्लूटेन या प्रथिनामुळे. गव्हाप्रमाणेच जव आणि राय या धान्यांतही ते असतं. सिलिॲक आजारात ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरचे, अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागेनासं होतं.

गैरसमज: हा लहान मुलांचा, जुलाबाचा आजार आहे.
वस्तुस्थिती: तो कोणत्याही वयात उघडकीला येतो आणि कित्येकांना जुलाब होतच नाहीत. लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, ठिसूळ हाडं, सारखं तोंड येणं, मुलाची खुंटलेली उंची, एवढीच खूण असू शकते. अंगाने भरलेल्या माणसालाही तो होतो. कल आनुवंशिक असल्याने रुग्णाचे आईवडील, भावंडं आणि मुलं यांनीही तपासणी करून घ्यावी.

गैरसमज: महिनाभर गहू सोडून बघू, बरं वाटलं तर तोच आजार.
वस्तुस्थिती: गहू बंद केला की रक्तातली प्रतिपिंडं उतरू लागतात आणि आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही. म्हणून गहू खाणं चालू असतानाच टीटीजी ही रक्ततपासणी करावी. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने एंडोस्कोपी करून आतड्याचा नमुना तपासला जातो. पथ्य जन्मभराचं आहे, ते अंदाजावर सुरू करू नये.

गैरसमज: खपली गहू चालतो.
वस्तुस्थिती: नाही. खपली कुणाला पचायला हलका वाटत असेल, पण त्यातही ग्लूटेन आहेच. रवा, मैदा, दलिया, गव्हाच्या शेवया आणि कुरडयाही वर्ज्य.

गैरसमज: भाकरी खाल्ली की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती: अर्धाच मिटतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा या कशातच ग्लूटेन नाही, त्यामुळे मराठी घरात उपाशी राहायची वेळ येत नाही. अडचण आहे ती गिरणीत. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात उरलेला असतो आणि ज्वारीबरोबर तोच आपल्या डब्यात येतो. पाखडून, निवडून आणलेल्या धान्याचाही मग उपयोग नाही. यावर घरघंटी हा चांगला उपाय, पण त्या घरघंटीत गहू दळायचा नाही. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट यांत बहुधा गहू असतो. हिंगाच्या पुडीतही अनेकदा मैदा मिसळलेला असतो, तेव्हा वेष्टन वाचावं. भारतात ‘ग्लूटेन फ्री’ छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही.

गैरसमज: प्रसादाचा चमचाभर शिरा काय करणार?
वस्तुस्थिती: रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेनही आतड्याला इजा करू शकतं. साधारण अर्ध्या ग्रॅम कणकेत, म्हणजे चिमूटभर पिठात, तेवढं असतं. त्रास जाणवला नाही तरी आतली झीज चालू राहू शकते. प्रसाद हातात घेऊन, नमस्कार करून शेजारच्याला द्यावा.

गैरसमज: आता काही होत नाही, म्हणजे आजार गेला.
वस्तुस्थिती: आतडं भरून आलं ते पथ्यामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या निरीक्षणात आलं की सिलिॲकची मुलं सुधारताहेत. पाव परत आला, तसा त्रासही परतला. डिके यांनी 1950 साली यावर प्रबंध लिहिला. आजही पथ्य हाच उपचार आहे.

म्हणूनच पाहुण्याने ‘गहू नको’ म्हटलं तर निव्वळ चपाती वगळून भागत नाही. त्याची भाकरी गव्हाचं पीठ न लागलेल्या परातीत थापा, तवा धुऊन घ्या आणि फोडणीआधी हिंगाची पुडी त्याला दाखवा.