मणक्यातील गाऊट : निदानाचा मागोवा

पाठीच्या कण्यातील लहान सांधे, त्यांभोवतीचे अस्थिबंध किंवा मज्जारज्जूबाहेरची पोकळी यांत युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणारा दाह म्हणजे मणक्यातील गाऊट. रक्तातील युरिक ॲसिड दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की ते पूर्ण विरघळलेले राहू शकत नाही आणि मोनोसोडियम युरेटचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. ते पायाच्या अंगठ्यात साचले तर अंगठा लाल होऊन सुजतो आणि रोग ओळखू येतो. कण्यात साचले तर बाहेरून काहीच दिसत नाही. रुग्णाची तक्रार असते फक्त कंबरदुखीची.

हा आजार हातापायांचा, अशी समजूत फार जुनी आहे. चरकसंहितेतील वातरक्त या गाऊटसारख्या रोगाच्या वर्णनातही रोग आधी हातापायांत मूळ धरतो आणि मग शरीरभर पसरतो, असे सांगितले आहे. युरोपात वोलॅस्टन यांनी १७९७ मध्ये गाऊटच्या गाठींत युरिक ॲसिड दाखवले आणि गॅरड यांनी १८४८ मध्ये रुग्णांच्या रक्तातील त्याची वाढ सिद्ध केली. कणा मात्र त्यानंतरही शंभर वर्षे विचाराबाहेर राहिला. मानेच्या पहिल्या मणक्याला गाऊटने पोखरल्याचे वर्णन ब्रिटिश डॉक्टरांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये अमेरिकेतून मज्जारज्जूवर दाब येऊन दोन्ही पाय लुळे पडलेल्या रुग्णाची नोंद आली.

पुढची अनेक वर्षे हे निदान बहुधा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होई. अर्बुद किंवा पू असेल या अंदाजाने कणा उघडावा आणि आत खडूसारखा पांढरा साठा सापडावा, असे घडत असे. तो साठा नेमका कशाचा, हे ठरवण्याचे भक्कम साधन १९६१ मध्ये मिळाले. मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सांध्यातील द्रवामधले युरेटचे स्फटिक ओळखता येतात, हे दाखवले. आजही अंतिम पुरावा तोच आहे.

सीटी स्कॅनमुळे कणा न उघडता आतली झीज दिसू लागली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गाऊटच्या ४८ रुग्णांपैकी १७ जणांच्या कण्यात त्याच्या खुणा आढळल्या. म्हणजे हा प्रकार वाटला होता तितका विरळ नव्हता. तो शोधला जात नव्हता. ड्युअल-एनर्जी सीटी हा प्रकार तर युरेट आणि कॅल्शियम वेगवेगळ्या रंगांत दाखवतो. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण निकषांत त्याला स्थान मिळाले.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सांधेविकारांची पद्धतशीर पाहणी १९९६ पासून भिगवणला झाली. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने झालेले हे काम जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न कॉपकॉर्ड उपक्रमाचा भाग होते. भिगवण पुणे जिल्ह्यात. भीमा ओलांडली की अहिल्यानगरचा कर्जत तालुका लागतो. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत १८.२ टक्के लोकांना हाडा-सांध्यांच्या तक्रारी होत्या, तर गाऊट हजारात एखाद्यालाच आढळला. अहिल्यानगर जिल्ह्यातही ऊसतोड, मोळ्यांची भराई आणि शेतातील वाकून करायची कामे यांमुळे पाठीचे दुखणे घरोघरी असते. बहुतेक वेळा ते श्रमाचे किंवा ‘मणक्यात गॅप’ म्हणून सांगितले जाणारे असते. या गर्दीत गाऊटचा रुग्ण हरवतो.

त्याहून गंभीर गोंधळ मणक्याच्या क्षयाशी होतो. ताप, रात्रीची वेदना, दाह दाखवणारा वाढलेला ईएसआर आणि एमआरआयमध्ये पोखरलेला मणका, ही लक्षणे दोन्हींत सापडतात. आपल्याकडे क्षय अधिक, म्हणून संशय आधी त्याचाच येतो आणि यायलाही हवा. पण नमुना न तपासता केवळ अंदाजाने क्षयाचे उपचार सुरू झाले, तर त्यांतील पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही औषधे मूत्रावाटे युरिक ॲसिड बाहेर पडणे कमी करतात. मूळ रोग गाऊट असेल, तर उपचारांनीच तो भडकू शकतो. दूधधंद्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जनावरांपासून आणि कच्च्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिसही कण्याला धरतो. तोही वगळावा लागतो.

निदानाची सुरुवात प्रश्नांपासून होते. पूर्वी अंगठा किंवा घोटा अचानक सुजला होता का, कोपरावर, कानाच्या पाळीवर, बोटांवर गाठी आहेत का, मूत्रपिंडाचा विकार आहे का, लघवी वाढवणारी औषधे चालू आहेत का, हे विचारावे व पाहावे. रक्तातील युरिक ॲसिड मोजावे, पण ऐन झटक्यात ते सर्वसाधारण येऊ शकते, म्हणून एका अहवालावर विसंबू नये. एमआरआय मज्जारज्जूवरील दाब दाखवतो; साठा युरेटचाच आहे हे तो खात्रीने सांगत नाही. सीटीमध्ये मागच्या लहान सांध्यांजवळ कडा स्पष्ट असलेली खोबण दिसली, तर संशय बळावतो. कमरेचा भाग सर्वाधिक वेळा बाधित होतो. ड्युअल-एनर्जी सीटी अजून मोठ्या शहरांतील निवडक केंद्रांपुरता असल्याने सुईने घेतलेला नमुना महत्त्वाचा ठरतो. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर स्फटिक विरघळून जातात आणि पुरावाच नाहीसा होतो. म्हणून एक भाग शुद्ध अल्कोहोलमध्ये किंवा ताजाच प्रयोगशाळेत द्यावा. दुसरा भाग क्षय आणि इतर जंतूंच्या तपासणीसाठी ठेवावा.

निदान पक्के झाले की झटक्यावर कोल्चिसिन, वेदनाशामके किंवा स्टेरॉइड यांपैकी मूत्रपिंडाला झेपेल ते देतात. त्यानंतर ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅटने युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली, गाठी असल्यास ५ च्या खाली, दीर्घकाळ ठेवावे लागते. तेव्हा साठे हळूहळू विरघळतात. पायांतली ताकद कमी होणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे किंवा जांघेत बधिरपणा येणे ही तातडीच्या शस्त्रक्रियेची लक्षणे आहेत. बाकी बहुतेक रुग्णांना वेळेत ओळख पटल्यास औषधांवरच बरे वाटते, आणि ती ओळख पटण्यासाठी कंबरदुखीच्या कारणांच्या यादीत गाऊटचे नाव असणे पुरेसे असते.