जुन्या गाडीची निगा – भाग ६ : उजेड कुठे हरवतो?

कारंजा-मानोरा भागात रात्री गाडी चालवणाऱ्याला रोही आडवा येण्याची धास्ती असतेच. सोयाबीन निघू लागलं की त्यात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांची भर पडते. १९९८ मध्ये वाशिम जिल्हा वेगळा होण्याआधीची, अकोल्याच्या एमएच ३० पाटीची पद्मिनी, अॅम्बॅसॅडर किंवा महिंद्राची जीप ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांची तक्रार मग एकच असते : "उजेडच पडत नाही ना भाऊ." त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला : १०० वॅटचा बल्ब टाका. या सल्ल्यापायी वायरिंग जळतं, म्हणून आज तिथूनच सुरुवात.

मागच्या आठवड्यात डायनमो आणि बॅटरी पाहिली. तिथली वीज हेडलाइटपर्यंत जाते कशी? जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट आधी डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि मग डिपरच्या स्विचमधून फिरून बल्बकडे येतो. इतक्या वर्षांत स्विचचे पॉइंट काळे पडतात, जोड हिरवे होतात, बॉडीची अर्थ गंजते. बॅटरीवर पूर्ण १२ व्होल्ट असले तरी बल्बपाशी त्यापेक्षा कितीतरी कमी पोचतात. आणि फिलामेंटच्या बल्बाचा स्वभाव असा, की व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. अशा वेळी बिचाऱ्या बल्बाला दोष देण्यात अर्थ नाही.

आता हिशेब करा. ६० वॅटचे दोन बल्ब साधारण १० अँपिअर ओढतात, १०० वॅटचे दोन जवळपास १७. तार तीच, स्विच तोच, पण त्यांत तयार होणारी उष्णता पावणेतीनपट. स्विच वितळतो, इन्सुलेशन मऊ पडतं आणि वाटेतली गळती वाढल्याने उजेडही अपेक्षेइतका वाढत नाही.

खरा उपाय रिले. एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीकडून थेट जाड तार, तिच्यावर फ्यूज, आणि दोन्ही दिव्यांना नवी अर्थ. मग जुन्या स्विचमधून फक्त रिले ओढण्यापुरता करंट जातो. हे काम झाल्यावर जुना बल्बही पांढरा पेटताना दिसेल. बाकी काहीही विकत घेण्याआधी हे करा.

त्यानंतर बाऊल. ७ इंची गोल सील्ड बीम अमेरिकेत १९४० च्या सुमारास रूढ झाला. त्यात फिलामेंट, रिफ्लेक्टर आणि काच एकसंध, त्यामुळे फिलामेंट तुटलं की सगळाच दिवा टाकायचा. १९७१ मध्ये एच ४ हॅलोजन बल्ब आला. त्याचे ७ इंची बाऊल जुन्या रिंगमध्ये सहसा बसतात, तीन पिनांचा होल्डरही तोच चालतो. गल्लत इथेच होते. आपल्याकडच्या अनेक जुन्या बाऊलमध्ये पी ४५ टी बैठकीचा, ४५/४० वॅटचा बल्ब असतो. त्या बैठकीत एच ४ घासून बसवला, तर फिलामेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रातून सरकतं आणि उजेड वाटेल तिकडे फाकतो. बल्ब बदलायचा तर बाऊलही बदला. एच ४ च्या बाऊलमध्ये एलईडी टाकू नका, कारण तो रिफ्लेक्टर बारीक फिलामेंटच्या मापाने घडवलेला असतो. परदेशी बाऊल मागवत असाल तर तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठीचा हवा. युरोपच्या मुख्य भूमीतल्या काचेचा डिपर उजवीकडे वर चढतो, म्हणजे नेमका समोरच्याच्या डोळ्यांत.

हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवण्याची पद्धत जुन्या मंडळींना आठवत असेल. हेतू चांगला होता. पण या बल्बांत डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी वाटी असते. तिच्यामुळे डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरूनच परत येतो. काळा रंग लावल्यावर कमी होतो तो मुख्यतः डिपरच. अजून रंग असेल तर खरवडून काढा.

काढलेले जुने दिवे फेकू नका. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पद्मिनी हे नाव १९७४ चं, म्हणजे पहिल्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्या आहेत. रिलेच्या तारा मूळ हार्नेस न कापता जोडल्या, तर सगळं पुन्हा पूर्ववत करता येतं.

शेवटी दिव्यांचं लेव्हल. टायरची हवा नीट भरा, मागे नेहमीइतकी माणसं बसवा, कारण पाटे दबले की नाक वर होतं. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली पडायला हवी. रिंग काढल्यावर दिसणारे स्क्रू एका वेळी थोडेच फिरवा, आणि एक दिवा लावताना दुसरा कापडाने झाका.