तीस मिनिटांच्या आतले काम

महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेत चालकाबरोबर डॉक्टरही नेमलेला असतो, आणि तो बहुधा आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला असतो, ही गोष्ट या सेवेकडे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम वेधून घेते. आरंभी ताफ्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ ‘अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्ट’, म्हणजे व्हेंटिलेटरसह अतिगंभीर रुग्णासाठी सज्ज, आणि उरलेल्या ७०४ ‘बेसिक’ प्रकारच्या होत्या. फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात घेतला जातो आणि तेथून जवळच्या गाडीला निरोप जातो.

रुजू होणाऱ्याच्या कानावर सर्वांत आधी पडतो तो वेळेचा आकडा: शहरात वीस मिनिटे, ग्रामीण भागात तीस. घाटाखालच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात, फिनेलचा उग्र वास भरलेल्या गाडीत, नवी डॉक्टर पाळी सुरू होताच ऑक्सिजनच्या सिलिंडरचा दाब पाहते, सक्शन यंत्र, म्हणजे घशातील स्राव ओढून काढणारे उपकरण, चालवून बघते आणि प्रसूतीचे किट उघडून पुन्हा बांधते. हे सारे तिला प्रशिक्षणात शिकवलेले असते. वाडीकडे जाणारा कोणता रस्ता पावसाळ्यात ओढ्यामुळे बंद होतो, हे मात्र तिथे कोणी शिकवलेले नसते. ते तिला सांगतो पायलट, कारण या सेवेत चालकाला हेच नाव आहे; स्ट्रेचरची पुढची बाजू कोणी धरायची आणि घाबरलेल्या नातेवाइकांपैकी कोणाला गाडीत घ्यायचे, हेही तोच ‘मॅडम, आधी यांना बसवू’ अशा साध्या शब्दांत शिकवतो. या नोकरीचे खरे प्रशिक्षण पायलटच्या शेजारच्या आसनावर होते, आणि त्या शिक्षकाचे श्रेय कुठल्याही कागदावर नोंदले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला वैद्यकशास्त्रात ‘गोल्डन अवर’ म्हणतात, आणि त्यातली तीस मिनिटे गाडी पोहोचण्यातच गेली, तर उपचार आणि रुग्णालयापर्यंतचा प्रवास यांसाठी उरतात तेवढीच. वेग वाढवून यातले फार थोडे वाचते, कारण पुष्कळ वेळ पत्ता शोधण्यात जातो. ‘देवळाजवळ’ एवढ्याच खुणेवर निघालेल्या गाडीला एकाच गावात तीन देवळे भेटतात. इतकी जोखीम सोपवलेली ही माणसे कंत्राटावर काम करतात, आणि जीव वाचवण्याच्या ध्येयाचा गौरव करताना त्यांच्या नोकरीच्या अस्थैर्याकडे डोळेझाक करणे न्याय्य नाही.

वाचकांनी एवढे अवश्य करावे: १०८ ला फोन लावल्यावर गाव, वाडी आणि ठळक खूण स्पष्ट सांगावी, फोन चालू ठेवावा आणि रात्र असल्यास एका माणसाला बॅटरी घेऊन फाट्यावर उभे करावे.