चित्रमालिकेतील विमानाची प्रतिकृती

चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतील स्नूपी हा कुत्रा १९६५ पासून आपल्या घरकुलाच्या छपरावर बसून पहिल्या महायुद्धातील वैमानिक होऊ लागला. ते छप्पर म्हणजेच त्याचे ‘सॉपविथ कॅमल’ हे दुहेरी पंखांचे ब्रिटिश विमान! त्याची प्रतिकृती घडवू इच्छिणाऱ्याने मात्र मूळ विमानाकडेच वळले पाहिजे.

मूळ पंखांचा विस्तार सुमारे ८.५ मीटर होता. १:७२ या प्रमाणात तो १२ सेंटिमीटरांहून किंचित कमी भरतो. प्रथम खालचा पंख धडाला जोडावा. रंगकाम आटोपल्यावर उभे दांडे व वरचा पंख बसवावा आणि शेवटी बारीक धाग्याच्या तारा ताणाव्यात. या तारा शोभेच्या नव्हेत. लाकूड व कापड यांच्या पातळ पंखांना दांडे आणि तारा मिळून पुलाच्या सांगाड्यासारखे बळ देत.

इंजिन, मशीनगन, इंधनटाकी व वैमानिक हे सारे पुढच्या भागात दाटीने बसविलेले असून इंजिनाचे सिलिंडर पंख्याबरोबरच गरगर फिरत. त्यामुळे विमान झटकन वळे. पण उजवीकडे वळताना त्याचे नाक खाली झुके. जमिनीलगत हे घडले की सावरण्यास अवधी उरत नसे. कित्येक शिकाऊ वैमानिकांनी अशा रीतीने प्राण गमावले.