परातीतला समुद्र

सोलापूर जिल्ह्यातल्या केमच्या मुलांना किनाऱ्याची धूप कशी दाखवावी? आम्ही परात घेतो. एका कडेला ओल्या वाळूचा उतार करतो, पाणी ओततो आणि पट्टीने लाटा उठवतो. वाळू ढासळते. मग उतारापुढे खराट्याच्या काड्या दाट रोवतो. आता लाट काड्यांशी घासत येते, तिची उंची घटते. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची निम्मी झाली, की ऊर्जा चौथाईच उरते!

कोकणातल्या खाड्यांमध्ये हेच काम तिवरे करतात. त्यांच्या श्वसनमुळांमध्ये पाणी मंदावते, गाळ बसतो, काठ टिकतो. उलट, दगडी भिंत लाट परत फेकते आणि पायथ्याची वाळू खरवडली जाते. मात्र उघड्या, लाटांच्या वाळूवर तिवरे तगत नाहीत, हेही मुलांना सांगावे.

तिवरांची तोड म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले.

केमला तिवरे नाहीत; पण शेताच्या बांधावरचे गवत पावसाचे पाणी असेच मंदावते आणि माती राखते. पुढच्या पावसात गवताळ बांध आणि उघडा बांध यांखालचे पाणी दोन बाटल्यांत भरून मुलांना पाहू द्या. कोणते अधिक गढूळ?